धंद्याचा फोन घेताय? आधी आठ दिवस कॉल मोजा

नागपूरच्या गांधीबागेत नुकताच गाळा घेतलेला एक पोरगा मागच्या महिन्यात माझ्याकडे आला. साड्यांचा ठोक धंदा. जीएसटी नंबर हातात, पाटी रंगवायला टाकलेली आणि पाटीवर फोन नंबरची जागा रिकामी.

"काका, बीएसएनएलचा फोन घेतो म्हणतो. कॉलचा रेट काय चालू आहे जी?"

"दिवसाला किती कॉल करतोस? आणि एक कॉल साधारण किती सेकंदांचा?"

"सेकंद कोण मोजते काका?"

मी मोजायचो. नव्वदच्या दशकात सीताबर्डीला माझा एसटीडी-पीसीओ होता. काचेच्या खोक्यात गिऱ्हाईक, बाहेर लाल आकड्यांचं मीटर आणि त्या मीटरवर माझा डोळा. पल्स, म्हणजे पैसे मोजायचा ठरलेला तुकडा, सरली की आकडा उडी मारायचा. शहाणं गिऱ्हाईक त्या उडीच्या सेकंदभर आधी फोन ठेवायचं, नवखं उडीनंतर "बरं, ठेवतो मग" म्हणायला दोन रुपये जास्त घालवायचं. आता मी दुकानांचे हिशोब लिहितो आणि दर महिन्याला फोनची पंधरा-वीस बिलं हाताखालून जातात. बोर्डावर लिहिलेल्या दराने कुणाचं बिल फुगलेलं मी फारसं पाहिलं नाही. फुगतं ते पल्सने, नको असलेल्या लाइनींनी आणि बिलावर जीएसटी नंबर नसल्याने. म्हणून त्या पोराला जे क्रमाने सांगितलं, तेच इथे लिहितो.

पहिलं काम: आठ दिवसांची वही

बीएसएनएलच्या ऑफिसात जाण्याआधी शंभर पानी वही घ्या आणि आठ दिवस प्रत्येक कॉल लिहा. आलेला की केलेला, लँडलाइनला की मोबाइलला, नागपुरात की बाहेरगावी, किती वेळ आणि दिवसाच्या कोणत्या तासाला, एवढं पुरे. सध्या मोबाइलवरून धंदा करत असाल तर कॉल लॉगमध्ये मिनिट-सेकंद दिसतात, तेच उतरवा. सणाच्या तोंडावरचा आठवडा घेऊ नका. संत्र्याची अडत असेल तर आंबिया बहाराचा एक आठवडा आणि रिकाम्या दिवसांतला एक, असे दोन घ्या. त्या धंद्यात दोन आठवड्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

वही लिहिली की बहुतेकांना एक गोष्ट नव्याने कळते. धंद्यातले कॉल फार छोटे असतात. "गाडी निघाली?" "निघाली." "किती नग?" "ऐंशी." झालं, वीस सेकंद.

दुसरं: पल्स समजून घ्या

इथे जरा थांबून वाचा, पैशांचा मुद्दा हाच आहे.

मीटरवर चालणाऱ्या प्लॅनमध्ये तुम्ही बोललेल्या सेकंदांचे पैसे लागत नाहीत, पल्सचे लागतात. पल्स म्हणजे बोलण्याचा एक ठरलेला तुकडा. तुकडा अर्धा वापरला तरी पैसे पूर्ण. पल्स साठ सेकंदांची असेल तर एकसष्टाव्या सेकंदाला दुसरी पल्स लागली. लँडलाइनवरच्या लोकल कॉलला एके काळी तीन मिनिटांची पल्स असायची, एसटीडीला त्याहून लहान.

समजा, तुमच्या दुकानातून रोज ४० कॉल जातात, एकेक २५ सेकंदांचा, आणि पल्स एका मिनिटाला एक रुपया आहे. बोलणं झालं १००० सेकंद, म्हणजे सतरा मिनिटंही नाही. बिल मात्र ४० रुपयांचं. तुम्ही समजता रुपयाला मिनिट, पडतं मिनिटाला २ रुपये ४० पैसे. महिन्याचे २६ दिवस धरले तर १०४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १२२७ रुपये २० पैसे. भाडं अजून वेगळंच.

आता उलटं बघा. एकच कॉल वीस मिनिटांचा. मिनिटाची पल्स असेल तर २० रुपये, तीन मिनिटांची असेल तर सात पल्स, ७ रुपये. लांब बोलणाऱ्याला मोठी पल्स स्वस्त पडते. छोटे कॉल करणाऱ्याला मात्र दोन्हीकडे तेवढेच ४० रुपये. म्हणून शेजारच्या सीए साहेबांना जो प्लॅन परवडतो, तो तुमच्या ट्रान्सपोर्टच्या धंद्याला परवडेलच असं नाही.

जुन्या लोकांकडून तुम्हाला अंतराचे किस्से ऐकायला मिळतील. एके काळी एसटीडीचा दर अंतराच्या टप्प्यांवर होता आणि हजार किलोमीटरच्या पलीकडचा टप्पा सगळ्यात महाग. आपलं नागपूर असं मधोमध बसलेलं, की सरळ रेषेत मोजलं तर मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि कोलकाता, चारही हजार किलोमीटरच्या आत येतात. झीरो माइलचा आम्हा पीसीओवाल्यांना झालेला तेवढाच फायदा. पुढे १ मार्च २००६ पासून बीएसएनएलचा वन इंडिया प्लॅन आला. लोकल तीन मिनिटांना एक रुपया आणि देशात कुठेही मिनिटाला एक रुपया. अंतराचा प्रश्न मिटला आणि दोन-चार वर्षांत माझ्या काचेच्या खोक्यात मी झाडूचे गठ्ठे ठेवायला लागलो.

तिसरं: अमर्याद कॉलचा प्लॅन की मीटर?

एका कंपनीच्या गिऱ्हाइकाने दुसऱ्या कंपनीच्या फोनवर कॉल लावला, की पहिलीने दुसरीला काही पैसे द्यायचे असत. २०१५ च्या फेब्रुवारीत ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, लँडलाइनसाठी हा आकार शून्यावर आणला. त्यानंतर दोनच महिन्यांत, १ मे २०१५ पासून, बीएसएनएलने लँडलाइनवरून रात्री नऊ ते सकाळी सात कुठल्याही नेटवर्कला फुकट कॉल सुरू केले आणि २०१६ च्या ऑगस्टपासून रविवार दिवसभर. २०१८ मध्ये रात्रीची वेळ कमी झाली आणि रविवारची सूट बंद पडली. तरी इतवारीत मला अजून एक शेठ माहीत आहेत, जे वसुलीचे कॉल रविवारवर ढकलतात. सवय!

आज नव्या माणसाच्या वाट्याला बहुधा फायबरचं कनेक्शन येतं आणि त्यात देशभर अमर्याद कॉल प्लॅनमध्येच असतात. बीएसएनएलने २०२० च्या ऑक्टोबरात फायबरचे प्लॅन आणले तेव्हा सगळ्यात खालचा ४४९ रुपयांचा होता, त्यावर ७९९ आणि ९९९ चे. हे आकडे जीएसटीशिवायचे. ४४९ वर ८० रुपये ८२ पैसे कर चढतो आणि हातात येतं ५२९.८२ चं बिल. वरच्या उदाहरणातल्या १२२७ शी ताडून बघा. पल्स एक रुपयाची धरली तर दिवसाला सतरा-अठरा पल्स झाल्या की नुसत्या कॉलचेच ४४९ होतात. वहीतला आकडा त्याच्या वर असेल तर मीटरचा विचारच करू नका. दर बदलत राहतात, म्हणून ज्या दिवशी अर्ज कराल त्या दिवशीचा महाराष्ट्र सर्कलचा दरतक्ता बघा. पानठेल्यावर ऐकलेला आकडा धरू नका.

तरी तीन गोष्टी विचारूनच सही करा. अमर्याद म्हणजे सगळं नाही. परदेशी कॉल त्यात येत नाहीत, त्यांचा दर देशागणिक वेगळा. संत्रा बांगलादेशात पाठवणाऱ्याने आयएसडी चालू करून घ्यायची का, की तेवढं बोलणं इंटरनेटवरून करायचं, हे आधीच ठरवावं. माझं मत विचाराल तर आयएसडी बंदच ठेवा. दुकानातला फोन दिवसभर सगळ्यांच्या हाताशी असतो. दुसरी गोष्ट, मॉडेमचं भाडं आणि लाइन टाकण्याचा खर्च प्लॅनमध्ये आहे की वेगळा. तिसरी, अनामत किती आणि कनेक्शन बंद करताना ती कशी परत मिळते.

चौथं: लाइनी किती?

साध्या कनेक्शनवर एका वेळी एकच बोलणं होतं. दुसऱ्या गिऱ्हाइकाला एंगेजचा टोन ऐकू येतो आणि नागपूरचं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा लावत नाही, शेजारच्या दुकानाला लावतं. म्हणून वहीतला सगळ्यात गर्दीचा तास शोधा.

वाडीला अमरावती रोडवर एक ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे असं धरा. सकाळी एका तासात ४० कॉल, एकेक तीन मिनिटांचा. १२० मिनिटांचं बोलणं ६० मिनिटांत उरकायचं, म्हणजे सरासरी दोन लाइनी सतत भरलेल्या. म्हणून दोन लाइनी घ्याव्या? इथेच फसगत होते. कॉल रांगेने येत नाहीत, एकदम चार येतात आणि मग दहा मिनिटं सन्नाटा. एरलांग नावाच्या डॅनिश माणसाने शंभर वर्षांपूर्वी याचं सूत्र काढून ठेवलं आहे आणि टेलिफोनवाले ते आजही वापरतात. त्या सूत्राने दोन लाइनी घेतल्या तर शंभरातले चाळीस कॉल परत जातात. तीन घेतल्या तर एकवीस, चार घेतल्या तर नऊ-दहा, पाच घेतल्या तर चारपेक्षा कमी. सहावी लाइन घेऊन फक्त अडीच कॉल वाचतात. म्हणजे या ऑफिसने पाचवर थांबावं. हा हिशोब सेल्समन करून देणार नाही, तो एकदम तीस चॅनल दाखवेल.

तीस चॅनल म्हणजे पीआरआय. एका जोडणीवर एका वेळी तीस बोलणी. हॉस्पिटल, हॉटेल, मिहानमधली मोठी ऑफिसं यांच्यासाठी ते ठीक. हल्ली त्याच कामाला इंटरनेटवरून चालणारं सिप ट्रंक मिळतं. लहान दुकानदाराने दोन-चार लाइनी घेऊन हंटिंग मागावं. पाटीवर एकच नंबर राहतो, पहिली लाइन भरली की कॉल आपोआप दुसरीवर जातो.

मोफत नंबरचा मोह अनेकांना होतो. १८०० ने सुरू होणाऱ्या नंबरवर आलेल्या प्रत्येक कॉलचे पैसे तुम्ही भरता, गिऱ्हाईक नाही. १८६० च्या नंबरवर गिऱ्हाईक आपल्या कॉलचे पैसे स्वतः भरतो. नवीन धंद्याला दोन्हींची गरज नसते. पाटीवर ०७१२ दिसलं की माणूस इथलाच आहे एवढं गिऱ्हाइकाला कळतं, ते पुरतं.

पाचवं: कोड आणि शून्याची भानगड

शहराचा कोड ०७१२, नंबर सात आकडी. कारखाना हिंगणा एमआयडीसीत असेल तर तिथे ०७१०४, बुटीबोरीला ०७१०३, नंबर सहा आकडी. आपण बोलताना सगळ्याला नागपूरच म्हणतो, पण टेलिफोनच्या नकाशावर ही वेगळी क्षेत्रं आहेत, साधारण तालुक्याएवढी. मीटरचा प्लॅन असेल तर ऑफिस धरमपेठेत आणि गोडाउन हिंगण्याला, या दोघांमधला कॉल लोकल धरला जातो का, हे लेखी विचारा. जुन्या पाट्यांवर कुठे ९५७१०४ असं लिहिलेलं दिसेल. जवळच्या गावांना शून्याऐवजी ९५ लावायची पद्धत मध्यंतरी होती, ती गेली. तो नंबर ०७१०४ लावूनच लागेल.

लँडलाइनवरून मोबाइलला लावताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लागतो. ऑफिसात पीबीएक्स, म्हणजे आतले फोन जोडणारं यंत्र, असेल आणि बाहेरची लाइन घ्यायला शून्य दाबावा लागत असेल, तर दोन शून्य: पहिला लाइनसाठी, दुसरा मोबाइलसाठी. नवीन लागलेली मुलगी एकच दाबते आणि "फोन बंद आहे सर" म्हणून सांगते. फोनजवळ चिठ्ठी चिकटवा.

आणि मोबाइलसारखा लँडलाइनचा नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. एकदा पाटी, बिलबुक, पिशव्या छापल्या की त्या नंबरशी तुमची गाठ पडली. जुनी तांब्याची लाइन असेल आणि फायबरवर जायचं असेल, तर तोच नंबर राहणार का ते आधी विचारा आणि अर्जावर तसं लिहा.

सहावं: कागदपत्रं आणि जीएसटी

पॅन, गुमास्ता, जीएसटीचं प्रमाणपत्र, जागेचा पुरावा. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार आणि घरमालकाचं ना-हरकत. फर्म असेल तर लेटरहेडवर सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आणि शिक्का. दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा, एकाच फेरीत काम होतं.

अर्जात जीएसटी नंबर लिहायला विसरू नका, आणि पहिलं बिल आल्यावर तो छापलाय का ते बघा. नंबर नसलेलं बिल तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे परत मिळणाऱ्या कराच्या पोर्टलवरच्या तक्त्यात, दिसत नाही आणि त्यावरचा १८ टक्के कर परत मिळत नाही. ४४९ च्या प्लॅनवर वर्षाचे ९६९ रुपये ८४ पैसे. रक्कम लहान आहे, पण पाच लाइनींची पाचपट होते. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर हा परिच्छेद सोडून द्या, तुम्हाला भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाहीच.

एक चूक मी स्वतः निस्तरली आहे. एका व्यापाऱ्याची मुख्य गादी रायपूरला, शाखा इथे लकडगंजात. त्याने इथल्या फोनला रायपूरचा जीएसटी नंबर दिला, की सगळा हिशोब एकीकडे राहील. पण लँडलाइनच्या बाबतीत पुरवठ्याची जागा म्हणजे जिथे लाइन बसवली ती जागा. फोन नागपुरात, म्हणून कर महाराष्ट्राचा, सीजीएसटी आणि एसजीएसटी नऊ-नऊ टक्के. छत्तीसगडच्या नंबरावर त्याचं क्रेडिट घेता येत नाही. सात महिन्यांची बिलं मातीत गेली. फोन ज्या राज्यात, जीएसटी नंबर त्या राज्यातला, एवढं पाठ करा.

सातवं: लाइन आल्यानंतर

तांब्याच्या जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, घरात अंधार असला तरी तो वाजायचा. फायबरचं तसं नाही. भिंतीवरच्या डब्याला तुमच्या दुकानाची वीज लागते. वीज गेली की फोनही गेला. मे महिन्यात भर दुपारी लाइट जाते तेव्हा गिऱ्हाइकाला वाटतं दुकान बंद आहे. त्या डब्यासाठी छोटा यूपीएस घ्या आणि डबा पत्र्याच्या छताला लागून बसवू नका.

फोन बिघडला तर तक्रार नोंदवून तिचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदीचा क्रमांक, वहीत लिहा, तारीख-वेळेसकट. लाइनमनला फोन करून "बघा ना भाऊ" म्हणणं ही तक्रार होत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाची लाइन अकरा दिवस बंद होती, कंपनी कोणती ते जाऊ द्या. त्याने रोज लाइनमनशी बोलणं केलं, नोंद एकदाही केली नाही. सूट मागायला गेला तर कागदावर बिघाडच नव्हता. ट्रायच्या २००९ च्या नियमांत सवलतीची पायरी ठरवून दिली होती: तीन दिवसांवर बिघाड राहिला तर सात दिवसांचं भाडं माफ, सातच्या वर पंधरा दिवसांचं, पंधराच्या वर महिन्याचं. २०२४ मध्ये नवे नियम आले, मागणी करताना ते उघडून बघा. पण नियम कोणताही असो, मोजणी नोंदीच्या तारखेपासूनच होते. तक्रारीवर समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, तिथेही पहिला प्रश्न डॉकेट नंबरचाच असतो.

बिलाचे पैसे पोर्टलवर किंवा काउंटरवर भरा, पावती घ्या. दारावर आलेल्या माणसाच्या हातात रोख देऊ नका.

आणि दुकानाच्या नंबरावरून यादी समोर ठेवून "दिवाळीची ऑफर आहे" असे कॉल करायला बसू नका. जाहिरातीच्या कॉलसाठी नोंदणी लागते आणि १४० ने सुरू होणारी वेगळी मालिका आहे. १३ ऑगस्ट २०२४ ला ट्रायने आदेशच काढला: नोंदणी नसलेल्यांनी असे कॉल केले तर त्यांच्या सगळ्या लाइनी तोडा, पीआरआय आणि सिप धरून, आणि दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका. अमर्याद कॉल फुकट आहेत म्हणून पोरांना या कामाला बसवणारे दुकानदार मी पाहिले आहेत.

तो साड्यांवाला पोरगा नवव्या दिवशी वही घेऊन आला. रोजचे सरासरी ३१ कॉल केलेले, त्यातले २३ अर्ध्या मिनिटाच्या आतले, आणि गर्दीचा तास संध्याकाळी पाच ते सहा. मीटर त्याने स्वतःच खोडलं होतं. दोन लाइनी, हंटिंग, आयएसडी बंद, एवढं अर्जावर लिहून गेला. पाटीवरचा नंबर परवा रंगवून झाला. ०७१२ मधला शून्य रंगाऱ्याने जरा वाकडा काढला आहे.